दशांश मिलिमीटरचा प्रश्न : अंतराळवीरांच्या मानेतली धमनी खरंच ताठरली का?

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या रिचर्ड ह्यूसन यांच्या गटाने २०१६ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सहा महिने राहून आलेल्या ८ जणांची, म्हणजे ४ पुरुष आणि ४ स्त्रियांची, मानेतली कॅरोटिड धमनी त्यांनी सोनोग्राफीने तपासली होती. उड्डाणापूर्वीच्या तुलनेत तिचा ताठरपणा १७ ते ३० टक्क्यांनी वाढलेला निघाला. ही मोजणी पृथ्वीवर परतल्यापासून ३८ तासांच्या आत झाली होती. हा बदल म्हणजे दहा-वीस वर्षांनी वय वाढल्यासारखा आहे, असं ह्यूसन यांनी पुढे सांगितलं आणि बातम्यांनी तेवढंच उचललं : सहा महिन्यांत धमनी वीस वर्षांनी म्हातारी.

चार वर्षांनी, २०२० मध्ये, ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या स्टुअर्ट ली यांच्या गटाने आपली आकडेवारी मांडली. अंतराळवीर १३, १० पुरुष आणि ३ स्त्रिया. मुक्काम चार महिन्यांपेक्षा जास्त. धमनी तीच, तंत्रही सोनोग्राफीचंच. त्यांच्या मोजणीत कॅरोटिडचा ताठरपणा, तिची प्रसरणक्षमता आणि भिंतीची जाडी, तिन्ही गोष्टी उड्डाणापूर्वीपेक्षा लक्षणीय वेगळ्या आढळल्या नाहीत. अंतराळात असतानाही नाही आणि परतल्यावरही नाही.

दोन्ही गट जाणकार आहेत आणि दोघांनी आपलं काम काळजीपूर्वक केलेलं आहे. म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. ‘धमनीचा ताठरपणा मोजला’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या वाक्यात किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात ते इथे स्वच्छ दिसतं. ताठरपणा सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत नाही. दिसतो तो व्यास, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक त्या व्यासात होणारा बारीकसा बदल. रक्तदाब वेगळ्या यंत्राने, बहुधा शरीराच्या वेगळ्याच जागी मोजला जातो. या दोन्हींच्या भागाकारातून ताठरपणा काढावा लागतो.

ही धमनीच का?

कॅरोटिड मानेत कातडीखाली फार खोल नसते, बरीचशी सरळ जाते आणि तिच्यावर हाड नसतं. त्यामुळे ती सोनोग्राफीला सर्वांत सोयीची मोठी धमनी आहे. पण अंतराळवीरांच्या बाबतीत कारण एवढंच नव्हतं. ती हृदयाच्या वर आहे, हे खरं कारण.

आपण उभे असतो तेव्हा शरीरातला रक्तदाब सगळीकडे सारखा नसतो. हृदयापाशी सरासरी दाब १०० मिमी पारा धरला, तर डोक्यापाशी तो ७० च्या आसपास येतो आणि पावलांत २०० च्या जवळ जातो. रक्ताच्या दर सेंटिमीटर उंचीमागे साधारण पाऊण मिमी पाऱ्याचा फरक पडतो, हे साधं द्रवपदार्थांचं गणित आहे. वजनरहित अवस्थेत हा उतार नाहीसा होतो आणि डोक्यापासून पायापर्यंत सरासरी दाब जवळपास एकसारखा होतो. पृथ्वीवर दिवसातले सोळा-सतरा तास आपण बसलेले किंवा उभे असतो आणि तेवढा वेळ मानेतल्या धमनीला कमी दाबाची सवलत मिळते. स्थानकावर ही सवलत चोवीस तास बंद असते. म्हणून वॉटर्लूच्या गटाने आधीच अपेक्षा मांडली होती की हृदयाच्या वरच्या धमन्या ताठर होतील. निष्कर्ष हाती आल्यावर शोधलेलं हे कारण नव्हतं, आणि या अभ्यासाची ही बाजू मला भक्कम वाटते.

दुसरी शंका हालचालीची होती. अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. पण उरलेल्या वेळात त्यांना स्वतःचं वजन पेलावं लागत नाही. बसणं, उठणं, चालणं, जिना चढणं यातलं काहीच नसतं. याच ८ जणांच्या रक्तात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध वाढल्याचंही, म्हणजे साखर हाताळण्याची शरीराची क्षमता घटल्याचंही आढळलं.

पडद्यावर नेमकं काय मोजतात

सोनोग्राफीचा श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी ऊतींमधून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. १० मेगाहर्ट्‌झच्या प्रोबमधून (कातडीवर टेकवायच्या यंत्राच्या दांडीतून) निघालेल्या लहरीची लांबी त्या हिशेबाने साधारण ०.१५ मिमी भरते. लहरलांबीपेक्षा फार बारीक तपशील साध्या प्रतिमेत सुटा दिसू शकत नाही, म्हणजे डोळ्यांनी पाहून ठरवण्याची मर्यादा इथेच ठरली.

आता धमनीचे आकडे पाहा. निरोगी मध्यमवयीन माणसाच्या कॅरोटिडचा व्यास साधारण ६ ते ७ मिमी असतो आणि दर ठोक्याला तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढून पुन्हा कमी होतो. ताठरपणाची सगळी कथा या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे. म्हणून या कामासाठी नुसतं चित्र गोठवून त्यावर दोन खुणा करणं पुरत नाही. चित्र तयार होण्याआधीचा, प्रोबकडे परतलेला कच्चा प्रतिध्वनी घेऊन भिंतीच्या प्रतिध्वनीचा माग काढणारी तंत्रं १९७० च्या दशकापासून विकसित होत गेली. ती भिंतीची हालचाल काही मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टिपू शकतात. काही संगणक प्रणाली चित्रातल्या भिंतींच्या कडा फ्रेममागून फ्रेम शोधतात. त्या कमी सूक्ष्म असल्या, तरी अनेक ठोक्यांची सरासरी काढून कामापुरत्या विश्वसनीय ठरतात.

तपासणी कशी करायची, याची पद्धत ठरलेली आहे. माणूस किमान दहा मिनिटं शांत पडून राहिलेला असावा, आधीचे तीन तास चहा-कॉफी आणि धूम्रपान टाळलेलं असावं, मोजताना बोलू नये. प्रोब मानेवर उभा, धमनीच्या लांबीच्या दिशेने धरायचा आणि धमनी दोन फाट्यांत विभागते तिथला फुगवटा सोडून त्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली मोजायचं. फुगवट्यात भिंतीची रचना वेगळी असते, तिथला आकडा वेगळाच येतो. ध्वनीचा किरण भिंतीला काटकोनात लागायला हवा, म्हणजे वरची आणि खालची भिंत दोन-दोन स्वच्छ समांतर रेघांसारखी उमटते.

या स्वच्छ रेघांचा आग्रह नुसत्या देखणेपणासाठी नसतो. समजा, धमनीचा व्यास ठोक्यांच्या मधल्या वेळी ६.५ मिमी आणि ठोक्याच्या वेळी ७ मिमी आहे. किरणाचं प्रतल मध्यातून न जाता एक मिलिमीटर बाजूला सरकलं, तर आपण व्यासाऐवजी जीवा मोजतो. मग तेच दोन आकडे ६.१८ आणि ६.७१ असे दिसतात. व्यासातली वाढ खरी ७.७ टक्के असताना ८.५ टक्के भासते. हात एक मिलिमीटर चुकला की धमनी दहा टक्के जास्त लवचीक ठरते! प्रोब जास्त दाबला तर धमनी चपटी होऊन आणखी वेगळा घोटाळा होतो. मोजणारा माणूस, त्याचा हात आणि जागा शक्यतो तीच ठेवा, असं जाणकार वारंवार सांगतात ते यासाठी.

स्थानकावर तर अडचण आणखी मोठी. तिथे मोजणारे बहुतेक वेळा डॉक्टर नसतात. अंतराळवीर स्वतःच्या किंवा सहकाऱ्याच्या मानेवर प्रोब धरतो आणि जमिनीवरचा तज्ज्ञ चित्र पाहत ‘थोडं डावीकडे, थोडं फिरवा’ असं सांगत जातो. आवाज आणि चित्र पोचायला थोडा उशीर होतोच. या पद्धतीने उपयोगी चित्रं मिळतात, हे २००४-०५ मध्ये लेरॉय चियाओ आणि सलिझान शारिपोव्ह यांनी स्थानकावर केलेल्या कामातून दिसलं होतं. पुढे फ्रान्सच्या सीएनईएस या अंतराळ संस्थेने असं उपकरण पाठवलं की ज्याच्या प्रोबमध्ये मोटर आहे. अंतराळवीराने प्रोब जागेवर धरायचा आणि कोन जमिनीवरच्या तज्ज्ञाने फिरवायचा. जीवा आणि व्यास यांच्यातली वरची चूक टाळायला याचा किती उपयोग होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

भागाकार

वॉटर्लूच्या अभ्यासात ताठरपणा दोन निर्देशांकांनी दाखवला आहे. पहिला प्रसरणक्षमतेचा : दाब एका एककाने वाढला तर धमनीचं क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढतं. हा कमी झाला की धमनी ताठरली. दुसरा ‘बीटा’, जपानी संशोधकांनी १९८० मध्ये मांडलेला : वरचा दाब भागिले खालचा दाब, त्याचा नैसर्गिक लॉग, आणि त्याला व्यासातल्या सापेक्ष वाढीने भागायचं. बीटा वापरायचं कारण असं की धमनीवर दाब वाढत जातो तशी ती आणखी ताठर होत जाते. साध्या निर्देशांकात माणसाचा रक्तदाब चढला म्हणून ताठरपणा वाढलेला दिसतो. बीटामध्ये लॉग असल्याने हा परिणाम बराचसा वगळला जातो.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. रक्तदाब १२०/८० आणि व्यास ६.५ वरून ७.०. लॉगची किंमत ०.४०५, व्यासातली वाढ ०.०७७, म्हणून बीटा ५.३. प्रसरणक्षमता दर किलोपास्कलला (साधारण साडेसात मिमी पारा) ०.०३० येते. ब्रॅमवेल आणि हिल यांनी १९२२ मध्ये दिलेल्या सूत्राने तिचं रूपांतर नाडीलहरीच्या, म्हणजे ठोक्यागणिक धमनीतून पुढे सरकणाऱ्या दाबाच्या लाटेच्या वेगात करता येतं. तो सेकंदाला ५.६ मीटर भरतो, म्हणजे तरुण-निरोगी माणसाच्या कॅरोटिडला शोभेल असाच.

आता फक्त एक गोष्ट बदलू. ठोक्याच्या वेळचा व्यास ७.० ऐवजी ६.९ धरू. बाकी काही नाही, एक दशांश मिलिमीटर कमी. बीटा ५.३ वरून ६.६ वर जातो. वाढ २५ टक्के.

अंतराळवीरांमध्ये आढळलेली वाढ १७ ते ३० टक्के होती. म्हणजे सगळी चर्चा ज्यावरून झाली तो बदल, प्रत्येकाच्या मानेत, एका दशांश मिलिमीटरच्या आगेमागे आहे. यावरून तो निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. चांगल्या यंत्राला दशांश मिलिमीटर हे अंतर मोठं आहे, आणि ८ जणांत बदल सातत्याने एकाच दिशेला झाला नसता तर आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरलाही नसता. योगायोगाने असं दिसण्याची शक्यता त्या अभ्यासात एक टक्क्यापेक्षा कमी निघाली आहे. पण वीस वर्षांचा मथळा वाचताना हा दशांश मिलिमीटर डोळ्यांपुढे असावा, एवढंच मला म्हणायचं आहे.

दाब कुठला घ्यायचा?

व्यासाची चर्चा सगळे करतात. माझ्या मते अवघड बाजू दाबाची आहे.

व्यास मानेत मोजला जातो आणि दाब बहुधा दंडात. सरासरी दाब आणि खालचा दाब मोठ्या धमन्यांमध्ये जवळपास सारखे असतात, वरचा मात्र नसतो. हृदयापासून दूर जाताना नाडीची लहर उंच होत जाते, विशेषतः तरुण माणसांमध्ये. दंडात १२० वाचलेला दाब मानेत ११० असू शकतो. आपल्या उदाहरणात १२० ऐवजी ११० घातला की बीटा ५.३ वरून ४.१ वर येतो. व्यासाला हातही न लावता पाचव्या हिश्शाने खाली!

आधी आणि नंतर हीच चूक सारखी राहिली तर तुलना बिघडत नाही. पण ती सारखी राहील याची खात्री काय? दंड आणि मान यांच्या वरच्या दाबांतला फरक हृदयगतीवर अवलंबून असतो. नाडी जलद झाली की तो वाढतो. आणि अंतराळातून परतलेल्या माणसाची नाडी जलद असते, हे दीर्घकाळापासून ठाऊक आहे, कारण त्याच्या शरीरातलं रक्तद्रव्य कमी झालेलं असतं आणि उभं राहण्याची सवय मोडलेली असते. म्हणजे दंडातल्या दाबावरून काढलेला बीटा परतल्यानंतर जरासा फुगून येण्याची वाट इथे उघडी राहते. संपूर्ण १७ ते ३० टक्के वाढ यातून येते असं मी म्हणणार नाही. तरी असा कुठलाही अभ्यास वाचताना मी पहिल्यांदा दाब कुठे आणि कसा मोजला ते पाहतो, व्यासाचं कोष्टक नंतर.

परतल्यानंतरचे ३८ तास

तेव्हा अंतराळवीर रशियाच्या सोयुझ यानाने परतत आणि ते कझाकस्तानच्या गवताळ माळरानावर उतरे. तिथून त्यांना विमानाने ह्यूस्टनला नेत, प्रवासात जवळपास एक दिवस जाई. त्यानंतर चाचण्यांची रांग लागलेली असे. ३८ तासांच्या आत मोजणी झाली, याचा अर्थ ती शक्य तितकी लवकर झाली, आणि त्यामागे तेवढी धडपड होती.

पण या ३८ तासांत शरीरात काय चाललेलं असतं? गुरुत्वाकर्षण पुन्हा लागू झालेलं, रक्तद्रव्य कमी, उभं राहिलं की चक्कर येण्याची शक्यता, आणि हे सगळं सावरण्यासाठी धमन्या आवळून धरणारी चेतासंस्था जोरात. वॉटर्लूच्या गटाला रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांची वाढ अंतराळात असतानाच आढळली होती, आणि ती स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होती. ही दोन्ही संप्रेरकं मीठ-पाणी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या एकाच साखळीतली. त्या साखळीचा धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंवर थेट परिणाम होतो.

इथे भिंतीची रचना पाहावी लागते. धमनीच्या भिंतीत इलॅस्टिनचे लवचीक तंतू असतात, कोलॅजेनचे ताठ तंतू असतात आणि मधे स्नायूपेशी असतात. कमी दाबाला इलॅस्टिन ताणलं जातं आणि कोलॅजेन सैल पडून असतं. दाब वाढला की भार कोलॅजेनवर येतो. परकराच्या नेफ्यात इलॅस्टिकबरोबर एक ढिला सुती दोराही ओवला असेल, तर दोरा ताठ होईपर्यंतच कंबर सैल होते, त्यापुढे ओढलं तरी होत नाही, तसं हे आहे. स्नायूपेशी आवळल्या की हा तोल क्षणोक्षणी बदलतो. तो आवळपणा औषधाने सैल होतो, विश्रांतीने सैल होतो.

माणूस म्हातारा होतो तेव्हा धमनीत वेगळंच घडलेलं असतं. इलॅस्टिन बहुतांशी जन्माआधी आणि बालपणी तयार होतं, नंतर त्याचं नूतनीकरण जवळजवळ होत नाही. आयुष्यभरात कोट्यवधी वेळा ताणलं गेल्यावर ते तुटत जातं आणि भार कायमचा कोलॅजेनवर येतो. सहा महिन्यांत हे घडेल असं मानायला आधार नाही. सहा महिन्यांत बदलू शकतात त्या गोष्टी वेगळ्या : स्नायूंचा ताण, कोलॅजेनचं प्रमाण, साखरेमुळे प्रथिनांमध्ये पडणारे दुवे, आणि भिंतीची जाडी.

म्हणून ‘वीस वर्षांचं वार्धक्य’ या तुलनेवर माझा आक्षेप आहे. आकडा तितका असेल. पण तिथवर पोचण्याची वाट निराळी आहे. एका वाटेने गेलेली धमनी परत येऊ शकते, दुसऱ्या वाटेने गेलेली नाही. वाचणाऱ्याच्या मनावर मात्र दुसऱ्या वाटेचंच चित्र उमटतं.

जाडीचा मुद्दा थोडा अधिक पाहायला हवा. फ्रान्समधल्या तूर इथल्या फिलिप आर्बेय यांच्या गटाने स्थानकावरच्या १० अंतराळवीरांमध्ये कॅरोटिडच्या आतल्या थरांची जाडी पहिल्या पंधरवड्यातच १० ते १५ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं होतं. स्कॉट केली ३४० दिवस स्थानकावर होते आणि त्यांचा जुळा भाऊ मार्क जमिनीवर. त्या प्रसिद्ध अभ्यासातही स्कॉट यांच्या कॅरोटिडची भिंत जाडावल्याचं दिसलं. भिंत जाड झाली, तर तिचं द्रव्य बदललं नसलं तरी नळी म्हणून ती ताठर होते. बीटा आणि प्रसरणक्षमता हे दोन्ही निर्देशांक नळीचा ताठरपणा सांगतात, द्रव्याचा नाही. द्रव्याचा हवा असेल तर जाडीने भागून यंगचा गुणांक काढावा लागतो. तेव्हा १७ ते ३० टक्क्यांतला काही हिस्सा नुसत्या जाडीतून येऊ शकतो. पण इथेही मोजपट्टी तोकडीच. या थराची जाडी मध्यमवयात अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी पुढेमागे असते आणि तिचा दहावा हिस्सा म्हणजे ०.०५ मिमी. नेहमीच्या चित्रातला एक ठिपकाच साधारण तेवढा असतो.

ह्यूस्टनचे १३

आता दुसऱ्या गटाकडे. ली आणि सहकाऱ्यांनी उड्डाणापूर्वी दोनदा, अंतराळात सुमारे १५, ६० आणि १६० व्या दिवशी, आणि परतल्यापासून आठवड्याच्या आत मोजणी केली. त्यांचा मूळ रोख दाबाच्या उतारावर नव्हताच. अंतराळातल्या किरणोत्सर्गाने आणि ताणाने धमन्यांना इजा होते का, हे त्यांना पाहायचं होतं. रक्त-लघवीतली ऑक्सिडीकरणाची आणि दाहाची लक्षणं उड्डाणात वाढली, परतल्यावर आठवड्यात बहुतेक पूर्ववत झाली. धमनीत मात्र बदल दिसला नाही.

या मांडणीचं बळ तिच्या सलगतेत आहे. बदल गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे होत असेल, तर तो १६० व्या दिवशी, स्थानकावर असतानाच दिसायला हवा. वॉटर्लूच्या ताठरपणाच्या निष्कर्षात तुलना उड्डाणापूर्वी आणि परतल्यानंतर अशी आहे, मधला काळ त्यात नाही. ह्यूस्टनच्या गटाने मधला काळ पाहिला आणि तिथे काही सापडलं नाही. उलट बाजूने, स्थानकावरची मोजणी दुरून मिळणाऱ्या सूचनांवर चालते आणि तिच्यात विखुरलेपणा जास्त असणार. विखुरलेपणा जास्त आणि माणसं १३, मग खरा बदल असूनही तो लक्षणीय ठरत नाही, असं सहज होतं. ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि बातम्यांत पहिल्याचं दुसरं होऊन जातं.

परतल्यानंतरची वेळही वेगळी : एकीकडे ३८ तासांच्या आत, दुसरीकडे आठवड्याच्या आत. वर सांगितलेला स्नायूंचा आणि संप्रेरकांचा परिणाम पहिल्या दोन दिवसांत तीव्र असेल आणि मग ओसरत असेल, तर दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी बरोबर असू शकतात. मला ही शक्यता सर्वांत जास्त पटते. धमनी काही प्रमाणात ताठरली, त्यातला मोठा भाग कार्यात्मक होता, म्हणजे स्नायूंच्या ताणाचा, आणि लहान भाग भिंतीच्या जाडीचा. इलॅस्टिन झिजल्याचा पुरावा या दोन्हींत कुठेच नाही.

स्त्री-पुरुष फरकाबद्दल थोडक्यात. वॉटर्लूच्या अभ्यासात बीटामधला बदल स्त्रियांमध्ये जास्त होता आणि नाडीलहर पोचायला लागणाऱ्या वेळेतला बदल पुरुषांमध्ये जास्त. प्रत्येकी ४ जणांवरून यातून काही ठरवायची घाई करू नये.

जमिनीवरच्या वाचकासाठी

हे वाचून कुणाला वाटेल की आपल्या मानेचीही अशी तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे सोनोग्राफी केंद्रात ‘कॅरोटिड डॉपलर’ होतो, पण त्याच्या रिपोर्टमध्ये सहसा भिंतीची जाडी, चरबीचे थर आणि रक्तप्रवाहाचा वेग असतो. ताठरपणाचा आकडा त्यात नसतो. दवाखान्यात ताठरपणासाठी जास्त वापरली जाते ती मान ते जांघ अशी नाडीलहरीच्या वेगाची मोजणी. तिथे सेकंदाला १० मीटर ही धोक्याची सीमा मानली जाते. ती महाधमनीबद्दल बोलते. कॅरोटिडच्या आकड्याशी तिची थेट तुलना करू नये, कारण दोन धमन्यांच्या भिंती वेगळ्या आहेत. आपल्या देशात आयआयटी मद्रासच्या आरोग्य तंत्रज्ञान केंद्राने ‘आर्टसेन्स’ हे उपकरण विकसित केलं आहे. ते चित्र दाखवतच नाही. एकाच किरणाच्या प्रतिध्वनीवरून भिंती ओळखून कॅरोटिडचा व्यास आणि त्यातला बदल मोजतं, जेणेकरून सोनोग्राफीचं खास शिक्षण नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यालाही ते वापरता यावं. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या देशात असं उपकरण हवंच आहे. पण दाब कुठला घ्यायचा, हा प्रश्न त्यालाही चुकत नाही.

त्या प्रश्नातून सुटण्याची एक वाट आहे. कॅरोटिडमधल्या नाडीलहरीचा वेग तिथल्या तिथे, दाबाशिवाय मोजायचा. प्रोबची रुंदी ४ सेंटिमीटर आणि लहरीचा वेग ५.६ मीटर धरला, तर लहर चित्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ७ मिलिसेकंदांत जाते. नेहमीचं यंत्र सेकंदाला ५० फ्रेम देत असेल तर दोन फ्रेममध्ये २० मिलिसेकंद असतात. लहर आली कधी, गेली कधी, कळतच नाही. पॅरिसमधल्या मॅथियास फिंक आणि मिकाएल तांतेर यांच्या गटाने विकसित केलेल्या अतिवेगवान प्रतिमांकनात सेकंदाला हजारो फ्रेम मिळतात, आणि मग लहर भिंतीवरून सरकताना मोजता येते. दंडातला दाब, मानेतला दाब, जलद नाडी या सगळ्याचा गुंता त्यात सुटतो.

कॅनडाच्या गटाने पुढे ‘व्हॅस्क्युलर इको’ हा प्रयोग हाती घेतला. त्यात फ्रेंच उपकरणाने स्थानकावर असतानाही धमन्या पाहायच्या आणि परतल्यावर त्या पूर्ववत होतात का, याचा मागोवा घ्यायचा. त्यानंतरच्या ‘व्हॅस्क्युलर एजिंग’मध्ये साखरेची चाचणीही जोडलेली आहे. परतल्यानंतर काही महिन्यांनी त्याच माणसाच्या त्याच जागेवर बीटा उड्डाणापूर्वीच्या पातळीला आला, तर ताठरपणा स्नायूंचा होता. आला नाही आणि भिंतही जाडच राहिली, तर वॉटर्लूचा इशारा मंगळाच्या दीर्घ प्रवासाची तयारी करणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवा.